छबूमावशीचं माप

छबूमावशीकडे मी पहिल्यांदा गेलो तो एक पँट घेऊन. पँट चांगली होती, फक्त माझ्याबरोबर वाढली नव्हती. मागून थोडं कापड सोडलं तर अजून दोन वर्षं निघतील असा माझा अंदाज होता. मावशीनं पिशवीतून पँट काढली, उलटी केली आणि सरळ नाकाला लावली. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. माझी पँट कुणी अशी हुंगावी याची मला सवय नाही. मग तिनं मागच्या खिशात हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. दोन बोटांना पिवळट, चिकट लगदा लागला होता आणि त्यात मुंग्या होत्या. काही मेलेल्या, काही अजून जेवत असलेल्या.

तो पेढा होता. एका साखरपुड्यात सगळ्यांदेखत मी "नको हो, मला शुगर आहे" म्हणून मोठ्या मनानं नाकारला होता आणि मग मागे एकट्यानं खायला म्हणून खिशात टाकला होता. पुढे त्याच्यावर बसून मी संगमनेरहून कोपरगावपर्यंत एसटीनं आलो होतो.

"सर, ह्ये काय हाय?"

"माझं नाही ते," मी म्हणालो.

"पँट तुमची, खिसा तुमचा, आन् पेढा काय मुंग्यांनी आनला व्हय? आदी धुवून आना. मग बोला."

तिथं आमच्या कॉलनीतल्या तीन बायका बसलेल्या होत्या. संध्याकाळच्या आत पेढा माझ्या बायकोपर्यंत पोचला. तेव्हापासून शुगरची गोळी मी तिच्या डोळ्यांदेखत घेतो.

मावशी आमच्या कॉलनीच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या एका खोलीत राहायची. उंबऱ्याच्या आत पायमशीन, त्याच्यामागे भिंतीइतकी जुन्या कपड्यांची चळत, आणि मध्ये उरलेल्या जागेत मावशी. बुटकी, रुंद, कासोट्याचं लुगडं, गळ्यात टेप. दाराला पाटी नव्हती. नवं कापड ती शिवायला घ्यायचीच नाही. "नवं कुनीबी कापंल," म्हणायची, "त्याला काय म्हाईत असतं? जुन्याला समदं म्हाईत असतं." आजोबांच्या धोतराची बाळासाठी झबली, आईच्या साडीचा मुलीला परकर, बापाच्या पँटीतून पोराची हाफ पँट. दोन शर्टांचा ती एक कुर्ता करायची, आणि तो असा की कुठला शर्ट कुठं संपला हे त्या शर्टांनाही सांगता येऊ नये.

हे सगळं मी आता कौतुकानं लिहितोय. तेव्हा मला तिच्या खोलीत पाय ठेवला की शिसारी यायची. मावशी मिसरी लावायची. काळं बोट आणि काळे दात घेऊन ती लोकांची कापडं हुंगायची. उसवताना दोऱ्याची टोकं दातांनी ओढायची आणि थू थू करत जमिनीवर टाकायची. मशीनखाली थुंकलेल्या दोऱ्यांचा एक ओलसर गालिचाच झाला होता. आणि ही बाई आम्हाला सांगणार, धुवून आणा!

पण तिचं नाक! कापड नाकाला लावून ती माणसाच्या घरात शिरायची. "म्हातारं अंथरुनावर हाय ना गं तुज्याकडं? त्येचं रोज अंग पुसत जा." समोरची बाई खाली मान घालायची. एकीचा रेशमी झंपर हुंगून म्हणाली, "आतनं घाम, वरनं अत्तर. ह्यो वास लई वंगाळ. नुसता घाम बरा, त्यो खोटं बोलत न्हाई." ती बाई आमच्या कॉलनी मंडळाच्या अध्यक्षांची मंडळी होती. त्यानंतर तिनं सहा महिने गल्ली बदलली, पण मावशीसारखा झंपर कुणी आल्टर करेना, म्हणून परत आली.

आहेराच्या कापडाचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडं लग्नात पँट-शर्टाचं कापड देतात आणि ते कुणी शिवत नाही. ते पुढच्या लग्नात जातं, तिथून त्याच्या पुढच्या. असंच एक शेणकट रंगाचं कापड कॉलनीत बरीच वर्षं फिरत होतं. आमच्याही घरी ते एकदा मुक्कामाला येऊन गेलं, आणि मीच ते सन्मानानं पुढं पाठवलं. एकदा एक बाई ते घेऊन मावशीकडं आली. "घडीच्या जागी रंग उडालाय, जरा इस्त्री मारून द्या. परवा कर्जतला लग्न आहे." मावशीनं कापड हुंगलं. "धा घरची कपाटं फिरलंय ह्ये. अंगाला कुनाच्याच लागलं न्हाई. कापडाचा जल्म हाय का चिठ्ठीचा?" आणि बाई "अहो मावशी, अहो अहो" करेपर्यंत तिनं कात्रीनं त्याचे उभे दोन तुकडे केले. त्याच्या चार दप्तराच्या पिशव्या झाल्या. ती बाई लग्नाला मोकळ्या हातानं गेली आणि महिनाभर सगळ्यांना सांगत राहिली. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते कापड दिलेलं होतं, त्यामुळे कुणी फार बोललं नाही.

धुवून आणायचा नियम तिनं एकदाच मोडलेला मी पाहिला. शेजारची एक तरुण बाई नवऱ्याचा शर्ट घेऊन आली. नवरा जाऊन दीड महिना झाला होता. शर्टाचा मुलीला फ्रॉक करायचा होता. मावशीनं शर्ट नाकाला लावला, जरा वेळ तसाच धरला आणि घडी घालून परत तिच्या हातात दिला. "आत्ताच नगं. आजून मानूस हाय ह्येच्यात. आन् धुऊबी नगंस."

हे नाक तिला कुठून मिळालं ते तिनं एकदाच सांगितलं, तेही मशीन चालवताचालवता. ती खर्ड्याकडची. आईबाप ऊसतोडीला यायचे, इकडंच, कोपरगावच्या बाजूला. एका वर्षी त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, कुणी मोठी माणसं कपडे वाटून गेली. मावशीच्या वाट्याला एक फ्रॉक आला, झालरीचा. त्याच्या छातीवर कुणाची तरी ओकारी वाळलेली होती. "आईनं चारदा धुतला पाटाच्या चारीवर. डाग गेला, वास न्हाई गेला. दोन वर्सं मी परक्याची ओकारी छातीवर घिऊन हिंडले. आन् समदे म्हनायचे, बघ पोरी, किती झ्याक फ्रॉक दिला सायबांनी."

आता गेल्या हंगामाची गोष्ट. साखर कारखान्याच्या मागच्या माळावर ऊसतोडीची टोळी उतरली होती, आमच्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची, खर्डा-जामखेडची. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना सेवेची लहर आली. ग्रुपवर मेसेज पडला, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जुने पण सुस्थितीतील कपडे आणून द्यावेत. बैठकीला मी गेलो नव्हतो, म्हणून मला संकलन प्रमुख केलं. सभागृहाची किल्ली माझ्याकडं आली आणि चार दिवसांत सभागृह भरलं.

काय आलं म्हणून सांगू? काखेत पिवळी पडून पापडासारख्या कडक झालेल्या बनियनी. टाचेच्या कातडीसकट आलेले मोजे. इलास्टिक गेलेल्या, सांगू नये अशा डागांच्या चड्ड्या. बाळाचं दूध आंबलेले झंपर. एका उशीच्या अभ्र्यात कुणी तरी नखं कापून भरली होती की काय देव जाणे, झटकला तर नखं पडली. आणि हे सगळं देणारी माणसं कोण, तर रोज सकाळी मला नमस्कार करणारी, घरात पायपुसणंसुद्धा इस्त्रीचं वापरणारी. मी नाकाला रुमाल बांधून ढीग लावत होतो. ढिगात माझेही मोजे होते. मी ते पायानं खाली ढकलले.

काही फाटकं असलं तर सांधायला म्हणून मी मावशीला बोलावलं. ती ढिगाशी बसली, एक कपडा उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याला ती उठून बाहेर गेली आणि नळाशी तिला कोरडी उलटी आली. उभ्या गावाची कापडं हुंगलेली बाई! तोंड धुवून आत आली तेव्हा अध्यक्षही आलेले होते.

"ह्ये देनार व्हय पोरास्नी?"

"मावशी, फुकटच्याला एवढं काय बघायचं? घेतील धुवून."

"तुमची घान त्यांनी धुवायची?"

"मग टाकून देऊ का सगळं? बोला."

मावशीनं ढिगातला एक शर्ट उजेडात धरला. मग म्हणाली, "ह्यातलं चांगलं मी निवडते. पोरांचं समदं मी शिवून देते. पर मी माप घेनार."

अध्यक्ष हसले. "वाटपाच्या कपड्याला माप?"

"मग काय पोरं कापून बसवनार कापडात?"

दुसऱ्या दिवशी मी तिला मोटारसायकलवर मागं बसवून माळावर नेलं. ती माप सांगायची, मी वहीत लिहायचो. नाव, छाती, उंची, बाही. एकतीस पोरं होती. आधी जवळ येईनात. मग मावशी त्यांच्याच बोलीत काही बोलली आणि रांग लागली. हात वर करून उभी राहायची आणि टेप फिरला की गुदगुल्या होऊन खिदळायची. त्यांच्या आया कोपीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "माप घेतेत की गं!" असं म्हणाली, जसं काही डॉक्टर आलेत.

पूनम नावाची एक सहा-सात वर्षांची पोर होती. माप झालं तरी हलेना.

"काय गं?"

"खिसा पायजे."

"कशाला?"

"ठिवाया."

"काय ठिवनार?"

पोरीनं विचार केला. "आजून न्हाई काय."

"दोन लावते," मावशी म्हणाली, "ल्ह्या सर. पूनम, खिसं दोन." आणि उठताना सगळ्या आयांना सांगितलं, "तिसऱ्या ऐतवारी परत्येकाला त्येचं त्येचं मिळंल. नाव घालून. ह्ये मी सांगते, कारखाना न्हाई."

तीन आठवडे मशीन थांबली नाही. निवडलेले कपडे सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायला आमची ही रोज जात होती. तिच्या हातांची सालं निघाली. न निवडलेल्याचं मावशीनं काय केलं ते कॉलनीला अजून आठवतं. कुठला कपडा कुणाचा हे तिला कळायचंच, कारण त्यावर कधी ना कधी तिचीच टीप पडलेली असायची, नाही तर वासावरून. भर दुपारी ती दारोदार गेली. बेल वाजवायची आणि बोटांच्या चिमटीत धरून द्यायची. "तुमचं ऱ्हायलं हुतं." अध्यक्षांच्या घरी पाहुणे जेवायला बसले होते म्हणतात. मला माझे मोजे शाळेत, स्टाफरूममध्ये मिळाले.

शनिवारी सगळे कपडे तयार होऊन सभागृहात दोरीवर लागले, रविवारी वाटपाआधी फोटो घ्यायचे म्हणून. मावशी शेवटची काजं करायला घरी गेली होती. मी किल्ली घेऊन बसलो होतो. लोक बघायला येऊ लागले आणि दारातच थबकले. कुणाच्या चुरगळलेल्या कॉटन साडीचा घेरदार परकर झाला होता, काठ बरोबर खाली. जुन्या शर्टांच्या चौकड्या जुळवून हाफ पँटी. एकेक फ्रॉक असा की दुकानात काचेत ठेवावा.

"अगंबाई, ही तर माझी साडी!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "किती गोड झालाय! माझ्या नातीला अगदी होईल हो." आणि दोरीवरून काढून घेतला. मी उठलो. त्या म्हणाल्या, "सर, कापड आमचंच ना? त्या पोरांना आपण बाजारातून दुसरं आणू, नवंच आणू. त्यांना काय, नवं मिळाल्याशी कारण."

मला हे ऐकून किळस आली. मनात म्हणालो, काय ही माणसं! आणि खाली बसलो. मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीला आपापलं कापड सापडत होतं. महिन्यापूर्वी जे चिमटीत धरवत नव्हतं, ते आता छातीशी धरून नेत होत्या.

सगळे गेल्यावर मी एक फ्रॉक काढून घेतला. जांभळा, पोपटी गोट लावलेला. चार वर्षांची आमची नात पुण्याहून आलेली होती. जरा मोठा होता, पण पुढच्या वर्षी बसला असता. त्याला दोन खिसे होते आणि ते माझ्या जुन्या शर्टाचे होते, म्हणजे कापड आमचंच. खिशांवरून माझ्या काही लक्षात आलं नाही असं मी लिहिणार होतो. पण वही माझ्याच हातानं लिहिलेली होती.

रविवारी सकाळी मावशी आली. दोरीकडं बघितलं. तिनं कपडे मोजले नाहीत. एकेकाची कॉलर, नाही तर कंबरपट्टी उलटून नाव वाचत गेली आणि मग आमच्याकडं वळली.

"अर्जुन कुठं हाय? साक्षी? दोगं भाऊ, किसन आन् भरत, कुठं हायत? पूनम कुठं हाय?"

पोरंच हरवल्यासारखी विचारत होती. अध्यक्ष पुढं झाले. त्यांच्यामागं प्लॅस्टिकच्या पाकिटांचा गठ्ठा होता, सगळ्या एका मापाच्या पिवळ्या टी-शर्टांचा. "मावशी, रागावू नका. हे बघा, नवेकोरे आणलेत. कोण कमी पडणार नाही."

"तुमी त्यांच्या अंगातलं काढून नेलं."

"अहो, अजून घातलं कुठं होतं त्यांनी?"

"माप घेतलं तवाच घातलं त्यांनी," मावशी म्हणाली. मग तिनं सभागृहाच्या पांढऱ्या फरशीवर, अध्यक्षांच्या पायांपासून हातभर अंतरावर, काळी मिसरी थुंकली. उरलेले कपडे दोरीवरून ओढून लुगड्यात बांधले आणि रिक्षा करून निघून गेली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. कारण तिला अजून वाटत होतं मी तिच्या बाजूचा आहे. ती थुंकी माझ्या पायांपासूनही हातभरच होती.

फोटो झाले. पिवळे टी-शर्ट घेऊन मंडळ माळावर जाऊन आलं. मी डोकं दुखतंय म्हणून घरी गेलो.

घरात नात तोच फ्रॉक घालून आरशापुढं गिरक्या घेत होती, दोन्ही हात खिशांत. "मंडळात उरला होता," असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. ती पाठीमागचं बटण लावायला वाकली आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं घातलेलं नाव तिनं वाचलं. तिनं स्वतः धुतलेलं कापड होतं ते.

"पूनम कोण?"

मी सांगितलं. सगळं सांगावं लागलं. तिनं नातीच्या अंगातून फ्रॉक काढला. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. बायकोनं घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "जा," एवढंच म्हणाली.

मावशी मला शेवटची दिसली ती त्या दुपारी. पुढं पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गेली, आणि तिच्याबरोबर मावशीही खर्ड्याला गेली म्हणतात. पत्र्याच्या खोलीला अजून कुलूप आहे.

माळावर एका कोपीच्या सावलीत ती कुणाची तरी मागून आणलेली हातमशीन घेऊन बसली होती. मशीनवर तिचं स्वतःचं लुगडं होतं, लग्नकार्याला नेसायचं. कात्रीनं फाडून त्याचे तुकडे लावून ठेवले होते. आजूबाजूची काही पोरं नव्या कपड्यांत होती, काही पिवळ्या टी-शर्टांत, जे गुडघ्यापर्यंत येत होते. काही नुसतीच बसून मशीनकडं बघत होती. पूनम त्यांच्यात होती.

मी पिशवी पुढं केली. मावशीनं फ्रॉक बाहेर काढला, झटकून पाहिला. गळ्याशी आमच्या नातीची पावडर लागली होती. ती उठली. कोपीच्या तोंडाशी एक बादली झाकून ठेवलेली होती. तिथं टँकर एक दिवसाआड येतो. झाकण काढून तिनं फ्रॉक त्या पाण्यात बुडवला. साबण लावला, दगडावर घासला, गळा, काखा, दोन्ही खिसे उलटे करून. परत बुडवला, पिळला आणि पाणी ओतून दिलं. आमच्या घरात फ्रॉक पाच मिनिटं घातला होता. मावशी तो जितका वेळ घासत होती तितका वेळ मी कुणाच्या मोज्यांनाही लागताना पाहिला नव्हता.

तिनं तो कोपीच्या दोरीवर टाकला. "वाळला की घाल गं," पूनमला म्हणाली. "तुजाच हाय." मग मशीनवर बसली आणि हात फिरवू लागली. मी उभा होतो. कुणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. थोड्या वेळानं मोटारसायकलला किक मारली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, यातलं काही न गाळता. मावशी मला एक शब्द बोलली नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असंही म्हणालो.

"त्यांच्या पाण्याची बादली रिकामी झाली," ती म्हणाली, "आणि तुम्ही ती भरून न देताच आलात?"